पाळीची तारीख कॅलेंडरवर

“मागची पाळी कधी आली?” डॉक्टरांनी विचारलं की नेमकं आठवत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करत जा.

१. रक्तस्राव सुरू झाला त्या तारखेला गोल, थांबला त्या दिवशी फुली.
२. गोलापासून पुढच्या गोलापर्यंत दिवस मोजा. २१ ते ३५ दिवस असतील तर काळजी नको. नुकती पाळी सुरू झालेल्या मुलींचं ४५ पर्यंतही जातं.
३. कानबाईच्या रोटांसाठी (खानदेशातला श्रावणातला देवीचा सण) गोळ्या घेऊन पाळी पुढे ढकलली असेल, तर ‘गोळी’ असं लिहा. त्या महिन्यावरून अंदाज बांधू नका. (या गोळ्या मेडिकलवरून परस्पर आणूच नयेत, असं मला कळकळीनं वाटतं.)

पाळी चुकली तर आधी गरोदरपणाची तपासणी करा. तीन महिने आलीच नाही किंवा रक्तस्राव सात दिवसांपेक्षा जास्त चालला, तर पानाचा फोटो काढून डॉक्टरांना दाखवा. तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, कापूस वेचणीचे दिवस असले तरी.