गेम कंट्रोलरचे ओव्हरले घरी बनवताय? या चुका टाळा

इंटेलिव्हिजन या जुन्या व्हिडिओ गेम यंत्राच्या कंट्रोलरवर फोनसारखी बारा बटणं असतात: १ ते ९, क्लिअर, ० आणि एंटर. प्रत्येक गेमबरोबर प्लास्टिकचे दोन पातळ, छापील तुकडे मिळायचे, दोन्ही कंट्रोलरसाठी एकेक. ते बटणांवर सरकवून बसवायचे. बेसबॉलच्या तुकड्यावर मैदान छापलेलं असे आणि चेंडू कोणाकडे टाकायचा ते त्या खेळाडूच्या जागेवर बोट दाबून सांगायचं. ‘युटोपिया’ या गेममध्ये त्याच बटणांनी किल्ला, कारखाना, शाळा उभी राहायची. हा तुकडा म्हणजे ओव्हरले. तो हरवला की खेळ निम्मा मुका होतो, कारण कुठलं बटण काय करतं हे खेळताना तिथेच वाचायचं असतं.

मॅटेलने इंटेलिव्हिजन १९८० साली अमेरिकेत सगळीकडे विकायला काढलं. १९८२मध्ये कलेकोव्हिजन आणि अटारी ५२०० आले, १९९३मध्ये अटारी जॅग्वार. चारही यंत्रांच्या कंट्रोलरवर बारा बटणांचा कीपॅड आहे. आता ही यंत्रं ठाण्यात, नवी मुंबईत येतात ती बहुतेक कुणा नातेवाइकाच्या बॅगेतून, आणि खोक्यात कार्ट्रिज असल्या तरी ओव्हरले नसतात. मग आपण ते छापायला निघतो. (आधी एक सूचना. पहिल्या इंटेलिव्हिजनचा वीजपुरवठा यंत्राच्या पोटातच आहे आणि तो अमेरिकन १२० व्होल्टचा आहे. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर न लावता ते आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला जोडाल तर ओव्हरले बनवायची गरजच उरणार नाही.)

बहुतेक ओव्हरले फसतात ते चित्र वाईट म्हणून नव्हे. ओव्हरले हा कंट्रोलरचा सुटा भाग आहे. त्याची लांबी, रुंदी आणि जाडी आधी ठरते, चित्र सगळ्यात शेवटी. आपण नेमकं उलटं करतो: चार संध्याकाळी रंग निवडण्यात घालवतो आणि माप दुकानदाराच्या प्रिंटरवर सोडून देतो.

माप: पहिली आणि सगळ्यात महागडी चूक

इंटरनेटवरून उतरवलेल्या स्कॅनचं माप खरं धरू नका. कुणी ते ३०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) केलेलं असतं, कुणी १५०ला, कुणी मधेच आकार बदलून पुन्हा साठवलेलं असतं. फोनने काढलेला फोटो तर त्याहून वाईट, कारण कडेचा भाग तिरपा होतो आणि वरची ओळ खालच्या ओळीपेक्षा अरुंद दिसते. मूळ ओव्हरले हाताशी असेल तर फ्लॅटबेड स्कॅनरवर ६०० डीपीआयला स्कॅन करा आणि शेजारी स्टीलची पट्टी ठेवा. पट्टीवरचे ५० मिलिमीटर स्कॅनमध्ये ११८१ पिक्सेलच्या आसपास भरले पाहिजेत. नाही भरले तर तिथेच दुरुस्त करा.

मूळ ओव्हरले नसेल तरी अडत नाही. जुन्या व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा कापा, ओव्हरले जिथे सरकतो त्या कंट्रोलरच्या खाचेत सरकवून बघा, कडा थोड्या थोड्या तासत राहा. तो अडखळला नाही आणि डुगडुगलाही नाही की तोच तुमचा साचा. बटणांच्या कडा उठून असतील तर त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासा, बाराही चौकोन उमटतील. मग व्हर्निअर कॅलिपरने दोन बटणांच्या मध्यांमधलं अंतर मोजा. एका बटणाची रुंदी मोजून तिची चौपट करू नका. बारीक चूक दर ओळीत वाढत जाते आणि खालच्या ओळीतलं चिन्ह दोन बटणांच्या मधे येतं.

आता छपाई. ठाण्यात गोखले रोडला किंवा वाशीत सेक्टर १७ला प्रिंट काढणाऱ्या दुकानात तुम्ही जे देता आणि जे कागदावर उतरतं यात दोन ठिकाणी घोळ होतो. पहिलं ठिकाण व्हॉट्सअ‍ॅप. फाइल फोटो म्हणून पाठवली की ती दाबली जाते, पिक्सेल कमी होतात आणि मापाची माहिती उडते. पीडीएफ करा आणि डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा, नाहीतर पेन ड्राइव्ह न्या. दुसरं ठिकाण प्रिंटच्या खिडकीतलं ‘फिट टू पेज’. ते चालू राहिलं की प्रिंट गुपचूप तीन-चार टक्क्यांनी लहान होते. पाच सेंटिमीटरच्या चित्रात ते डोळ्याला दिसतही नाही, पण नव्वद मिलिमीटर लांबीवर तीन टक्के म्हणजे पावणेतीन मिलिमीटर, आणि तेवढ्यात शेवटची ओळ हुकते. ‘दादा, अ‍ॅक्चुअल साइजला काढा’ एवढं सांगून थांबू नका, कारण गर्दीच्या वेळी ‘हो’ म्हणूनही सवयीने एंटर दाबलं जातं. पानाच्या कोपऱ्यात बरोबर १०० मिलिमीटरची एक रेघ छापा आणि काउंटरवरच पट्टी लावून मोजा. पहिली प्रिंट साध्या कागदावर, काळ्या-पांढऱ्यात. ती कापून कीपॅडवर ठेवून बघितल्याशिवाय रंगीत प्रिंटचे पैसे देऊ नका.

जाडी

इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण माप बरोबर असूनही ओव्हरले चालत नाही तेव्हा दोष बहुधा जाडीचा असतो.

इंटेलिव्हिजनच्या कीपॅडखाली मेंब्रेन आहे, म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पत्र्यांवर छापलेले वाहक पट्टे. बटण अगदी थोडंच दबतं. वर जाड, ताठ तुकडा आला की बोटाचा दाब एका जागी न पोचता आजूबाजूला पसरतो. मग जोर लावावा लागतो, किंवा शेजारचं बटण दाबलं जातं. म्हणून आधार कार्डासारखं पीव्हीसी कार्ड छापून घेण्याचा मोह आवरा. ते छान दिसतं, कुठेही स्वस्तात होतं, पण जवळजवळ पाऊण मिलिमीटर जाड असतं आणि वाकत नाही.

गरम लॅमिनेशनच्या पाकिटातही फसगत होते. पाकिटावर १२५ मायक्रॉन लिहिलंय ते एका बाजूचं की दोन्ही मिळून, हे विचारून घ्या. दोन्ही बाजूंना १२५ आणि मधे साधा कागद म्हटलं तर एकूण साधारण ०.३५ मिलिमीटर होतं. काही कंट्रोलरच्या खाचेत ते बसतं, काहींत अडकतं. त्यामुळे साच्याच्या तुकड्याची जाडीही मोजून ठेवा आणि ती हद्द माना. माझी पसंती दुकानात ज्याला नॉन-टेअरेबल म्हणतात त्या न फाटणाऱ्या शीटवर लेझर प्रिंट आणि वरून कोल्ड लॅमिनेशनच्या पातळ फिल्मला. लवचीक राहतं, पाण्याला भीत नाही आणि बोटाखाली बटण जाणवतं.

पारदर्शक शीटवर छापणार असाल तर तीन गोष्टी. इंकजेटची ओएचपी शीट लेझर प्रिंटरमध्ये घालू देऊ नका, आतल्या गरम रोलरला ती वितळून चिकटते आणि दुकानदाराचं नुकसान होतं. छपाई मागच्या बाजूने करायची असेल, म्हणजे बोटाने रंग घासला जाणार नाही, तर चित्र आरशातल्यासारखं उलटं छापा. आणि मागे पांढरा थर हवाच. तो नसेल तर काळपट कीपॅड खालून दिसतो आणि लाल, निळा, हिरवा सगळे सारखेच मळकट होतात. मागून पांढरं पातळ व्हिनाइल लावलं तरी काम होतं, फक्त त्याची जाडी हिशेबात धरा.

अगदी कारखान्यातल्यासारखा ओव्हरले हवा असेल तर वागळे इस्टेट किंवा महापे-रबाळेच्या एमआयडीसीकडे बघा. यंत्रांच्या पॅनलवरचे बटणांचे पत्रे बनवणारी माणसं पॉलिकार्बोनेटवर मागून छापतात, तीच ही कला. स्क्रीन प्रिंटिंगला प्रत्येक रंगाची वेगळी जाळी लागते, म्हणून एकदोन नगांना ते परवडत नाही. चार-पाच मित्रांनी मिळून एकाच शीटवर बरेच गेम बसवले तर बोलणी होऊ शकतात. एकट्यासाठी यूव्ही फ्लॅटबेड प्रिंटरवर (जो जाळीशिवाय थेट शीटवर छापतो) छापणारा गाठा.

पावसाळा

आपल्याकडे जून ते सप्टेंबर कागद कायम दमट असतो. इंकजेटची साधी शाई दमट हवेत पसरते, बारीक अक्षरं फुगतात. त्याहून मोठी अडचण कडांची. लॅमिनेट केलेला तुकडा कागदाच्या कडेला लावून कापला की कागद उघडा पडतो, त्यातून ओल आत शिरते आणि थर सुटायला लागतात. खाडीजवळच्या घरात ते आणखी लवकर होतं. उपाय सोपा आहे: कागद ओव्हरलेच्या मापापेक्षा चारही बाजूंनी दीड-दोन मिलिमीटर लहान कापा, मग पाकिटात घाला आणि बाहेरची कड पूर्ण मापाला कापा. भोवती नुसत्या प्लास्टिकची बंद पट्टी राहते. ती कंट्रोलरच्या चौकटीखाली लपते आणि मधल्या भागाहून पातळ असल्यामुळे खाचेत सहज सरकते.

मराठी अक्षरं

मराठी ओव्हरले करायला मला मनापासून आवडतं आणि तुम्हीही करावेत. ‘युटोपिया’च्या बटणांवर किल्ला, कारखाना, शेत, शाळा, दवाखाना, घरं, बंडखोर, लढाऊ बोट, मासेमारी बोट असं लिहिलं की आठ वर्षांचं पोरही पुस्तिका न वाचता खेळायला बसतं. पण इंग्रजी ओव्हरलेच्या मापातच देवनागरी कोंबू नका. वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, मधे शिरोरेघ: त्याच उंचीत अक्षराचं अंग लहान होतं. इंग्रजीत सहा पॉइंट वाचता येतात, देवनागरीला आठ तरी द्या आणि ठळक, मोकळ्या वळणाचा फाँट घ्या. बारीक-जाड रेघांचे लग्नपत्रिकेतले फाँट इथे वाचता येत नाहीत. शब्द लांब असेल तर चित्र काढा आणि शब्द छोटा करा, ‘मासेमारी बोट’ऐवजी मासा आणि ‘होडी’.

शब्द बटणाच्या मधोमध लिहिणं हीदेखील चूकच. अंगठा तिथेच असतो, मग वाचणार काय? वरच्या तिसऱ्या भागात लिहा. चौकटीखाली जाणाऱ्या कडेपासूनही किमान दोन मिलिमीटर आत राहा.

दुकानात जाण्याआधी सगळा मजकूर कर्व्हमध्ये, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकृत्यांमध्ये, बदला. डीटीपीच्या संगणकावर तुमचा युनिकोड फाँट नसतो आणि जुन्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटते. मशीन चालवणाऱ्याला वीस प्रिंट काढायच्या असतात, तो ‘किल्ला’ वाचत बसणार नाही.

कापण्याबद्दल थोडक्यात. कात्री नको, स्टीलची पट्टी आणि नवं पातं घ्या, एका जोरात न कापता दोनतीन हलक्या फेऱ्या मारा. कोपरे गोल करा, टोकदार कोपरा खाचेत अडतो आणि तिथूनच लॅमिनेशन सुटतं. आणि ओव्हरले कीपॅडला डबल टेपने चिकटवू नका. गेम बदलताना तो निघायला हवा, आणि टेपचा चिकटा बटणांवर राहून धूळ धरतो.

बसवल्यावर बिघडलं तर

सगळ्यात आधी ओव्हरले काढा आणि बाराही बटणं नुसती तपासा. ओव्हरलेशिवाय चालतात आणि ओव्हरले घातल्यावर चालत नाहीत, तर जाडी किंवा लॅमिनेशनखालचा बुडबुडा बघा. ठरावीक एकच बटण अडत असेल तर तिथे थर वर उचललेला असतो.

डिस्क, म्हणजे कीपॅडखालची दिशा देणारी गोल चकती, आपोआप भलतीकडे जायला लागली तर लगेच ती उघडू नका. इंटेलिव्हिजनच्या कंट्रोलरमध्ये डिस्क, कीपॅड आणि बाजूची बटणं यंत्राशी त्याच आठ तारांवरून बोलतात. वाकलेल्या ओव्हरलेने एखादं बटण सतत दाबून धरलं की त्याचा संकेत डिस्कच्या संकेतात मिसळतो आणि यंत्राला तिसरंच काहीतरी ऐकू येतं. ओव्हरले काढल्यावर डिस्क शहाणी झाली तर कारण सापडलं. याच रचनेमुळे डिस्क फिरवता फिरवता कीपॅडचं बटण दाबलं तरी गोंधळ होतो. तो ओव्हरलेचा दोष नाही, आणि कितीही पातळ कापला तरी जाणार नाही.

ओव्हरलेशिवायही बटण मेलेलं असेल तर दोष आतला. अटारी ५२००मध्ये हे फार आढळतं, तिथे बटणांखालचे कार्बनचे ठिपके आणि लवचीक सर्किट जुनं होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओला केलेला कापूस हलक्या हाताने फिरवा. खोडरबर किंवा पॉलिश पेपर नको, वाहक थरच निघून जातो.

आणि ओव्हरले खाचेत अडकलाच, वर पकडायला टोकही ठेवलं नसेल, तर स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, मेंब्रेनला ओरखडा गेला की नुकसान भरून येत नाही. रुंद सेलोटेपचा तुकडा ओव्हरलेच्या वरच्या भागावर नीट दाबून चिकटवा आणि खाचेच्या दिशेने, कीपॅडला समांतर ओढा. अर्धा सेंटिमीटर बाहेर आला की बोटाने धरता येतो.