घरच्या कोंबड्या-मेंढरांत या चुका टाळा

गावात जत्रा झाली की पंधरा दिवसांत माझ्या दारात कोणतरी उभं असतंच. "वैनी, कोंबड्या पटापट मराय लागल्यात, काय तरी सांगा." मी एकच विचारते, बाजारातनं नवी कधी आणली? मग समोरचा माणूस आधी पायाकडं बघतो, मग आभाळाकडं.

आम्ही कर्नाटकात, बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात राहतो. परड्यात पन्नासेक कोंबड्या आणि गोठ्याला लागून नऊ मेंढरं. मी डॉक्टर नाही. पण या चुका बहुतेक सगळ्या स्वतः करून बसलेय, म्हणून दुसऱ्यानं त्याच केल्या की राग येतो.

बाजारातली कोंबडी सरळ खुराड्यात

आमच्याकडं लक्ष्मीची जत्रा होती. पाहुणे किती येतील याचा अंदाज लागेना, म्हणून आमच्या ह्यांनी आदल्या आठवड्यात बेळगावच्या बाजारातनं सहा गावठी कोंबड्या आणल्या, त्याही नेहमीच्या निम्म्या भावात. केवढा आनंद! आल्या तेव्हा अंधार पडला होता, लाईट गेलेली. पाय सोडले आणि घातल्या आमच्या खुराड्यात. सकाळी बघू म्हणून.

पाचव्या दिवशी माझी एक पांढरी तलंग पाण्याच्या भांड्याशी चोच उघडी टाकून बसली. घशात घरघर. विष्ठा हिरवी, पाण्यासारखी. दुसऱ्या दिवशी तिची मान पिळवटून वर गेली. दाणा दिसायचा तिला, भूकही होती, पण चोच मारायची ती दाण्यापासून चार बोटं लांब पडायची. पुन्हा मारायची, पुन्हा लांब. आत्या म्हणाल्या, "मानमोडी आली. आता मोजत बस." ४१ कोंबड्या होत्या, दहाव्या दिवशी ३ उरल्या. त्यातल्या एकीची मान शेवटपर्यंत वाकडीच राहिली.

मानमोडी म्हणजे राणीखेत. हा विषाणूचा रोग आहे, लागल्यावर त्याला औषध नाही. लसूण, हळद, माणसाच्या कॅप्सूल फोडून पाण्यात घालणं, हे सगळं आपल्या मनाच्या समाधानासाठी.

पण मला खरी गोष्ट कळली ती नंतर. बाजारात कोंबडी अचानक स्वस्त का होते? कुठल्यातरी गावात मर लागली की लोक उरलेल्या कोंबड्या मरायच्या आत विकायला काढतात. म्हणजे भाव पडलेला दिसला की तो आपल्यासाठी सौदा नव्हे, निरोप असतो. त्या दिवशी पिशवी रिकामीच घरी आणायची.

आणि आणलीच, तर २१ दिवस वेगळी. परड्याच्या पार दुसऱ्या टोकाला डालग्याखाली ठेवायची, पाण्याचं भांडं निराळं. आधी आपल्या कोंबड्यांचं दाणापाणी, मग नवीचं. उलट केलं तर आपल्याच चपलेतून रोग खुराड्यात जातो. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दिवस खोडते. शेजारीण म्हणते, कोंबडीला जेलात टाकलंय. म्हणू दे.

मेलेली कोंबडी ओढ्यात फेकणारे तर मला डोळ्यांसमोर नकोत. खड्डा काढा, चुना टाका, पुरा. खालच्या वाडीतल्या बाईनं तुमचं काय केलंय?

राणीखेतच्या लसीचं म्हणाल, तर लासोटा नावाची लस पिल्लाच्या ५ ते ७ दिवसांत डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, चारेक आठवड्यांनी पुन्हा, आणि दोन महिन्यांच्या सुमारास आर-टू-बी ही दुसरी लस टोचून घ्यायची. "कुपी १०० कोंबड्यांची, माझ्याकडं वीस, मग कशाला?" हे मी हजारदा ऐकलंय. आम्ही आळीतली सहा घरं मिळून एक कुपी आणतो. बर्फात ठेवून आणायची, कालवल्यावर तास-दोन तासांत संपवायची, म्हणून पिल्लं आधीच टोपलीत धरून ठेवतो. गाडीच्या डिकीत उन्हातनं आणलेली लस म्हणजे नुसतं पाणी.

मी महाराष्ट्रातल्या चंदगडाकडची. लग्न होऊन आले त्या वर्षी जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कोळी एष्टु?" मला वाटलं, गोठ्यात जाळी किती झाल्यात ते विचारतायत. घरी येऊन सगळा गोठा झाडून काढला. कन्नडात कोळी म्हणजे कोंबडी आणि कुरी म्हणजे मेंढी. औषध मागताना एवढे दोन शब्द तरी पाठ असू देत.

कोंबडीचं खाद्य मेंढराच्या तोंडी

दोन्ही पाळणाऱ्यांची ही खास चूक. मेंढी खुराड्याजवळ गेली, दोन घास भरडा खाल्ला, तर आपण कौतुकानं बघतो.

दसऱ्याच्या आधीची गोष्ट. मक्याच्या भरड्याचं पोतं पडवीत होतं आणि दाराला कडी घालायची राहिली. रात्रीतनं एका मेंढीनं आणि तिच्या मोठ्या कोकरानं पोट फुटेस्तोवर भरडा खाल्ला. सकाळी मेंढी उभी होती, पण दात करकरा चावत होती. डाव्या कुशीवर हात ठेवून दाबलं तर आत पाणी डुचमळल्यासारखं लागलं. आंबूस वासाची पातळ हगवण. आम्ही तिला फुगा धरलाय समजून तेल पाजलं आणि दुपारपर्यंत वाट बघितली. तिथंच चुकलं. कोकरू त्याच रात्री गेलं. मेंढीला डॉक्टरांनी वाचवलं, पण पुढं महिनाभर ती सावरली नाही.

दाण्याची सवय नसलेल्या मेंढीनं एकदम दाणा खाल्ला की पोटात आम्ल तयार होतं आणि ते रक्तात भिनतं. आता मी काय करते? दाणा बंद, पुढ्यात फक्त कोरडा कडबा, मेंढी धडपणे गिळत असेल तर खायचा सोडा पाण्यात कालवून थोडा थोडा, आणि त्याच वेळी डॉक्टरांना फोन. पोतं मात्र आता पत्र्याच्या डब्यात. कोंबड्यांना दाणा घालते तेही जमिनीपासून थोडी वर आडवी फळी लावून, तिच्याखालून कोंबडी जाते, मेंढी जात नाही.

शिवाय दुकानातल्या कोंबडीखाद्यात आणि गाई-म्हशीच्या क्षारमिश्रणात तांबं असतं. मेंढीला ते सोसत नाही, यकृतात साठत जातं आणि एक दिवस अचानक मेंढी आडवी होते. मेंढीसाठी लिहिलेलंच मिश्रण घ्या. चार पैसे वाचवायला गोठ्यातलं डबडं पुढं ढकलू नका.

बाकीच्या, भराभर

गोकाक-अथणीकडची कोरड्या मुलखातली मेंढरं आणून आमच्या चिखलात सोडतात आणि श्रावणात म्हणतात, लंगडायला लागली. खूर मृगाआधी कापा, बसायला लाकडी फळ्यांचा उंच माळा करा. नवा माणूस आधी मेंढरं घेतो, मग माळ्याचा विचार करतो.

आंत्रविषार म्हणजे मेंढरांच्या आतड्यात विष होण्याचा रोग, त्याची लस मे महिन्यातच. पहिल्या पावसाच्या कोवळ्या गवतावर गेलेलं सगळ्यात गुटगुटीत कोकरूच आधी मरतं. पहिल्यांदाच टोचत असाल तर दोन आठवड्यांनी पुन्हा टोचा.

कोंबडीची जाळी कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. खालून वीतभर पुरा.

खुराड्यातलं भाताचं तूस ओलं राहिलं की पिल्लांना रक्ती हगवण. उभं राहून वास घेऊ नका, पिल्लाच्या उंचीला बसा. डोळे झोंबले तर तूस आजच बदला.

गिरिराज ही सुधारित जातीची कोंबडी अंडी देते, खुडूक क्वचितच बसते. तिच्याकडून पिल्लांची वाट बघत बसलेले तिघेजण मला माहीत आहेत. अंडी उबवायला गावठी कोंबडी ठेवा, तिच्याखाली दहा-बारा अंडी, जास्त नाही. सातव्या रात्री टॉर्च लावून बघा, रिकामी काढून टाका.

जंताचं औषध पाजताना मेंढीचं तोंड आभाळाकडं करू नका. औषध फुप्फुसात जातं. जबडा आडवाच धरायचा, तोंडाच्या कोपऱ्यात दात नसतात तिथून अंगठा घालायचा, तिथूनच बाटलीचं तोंड, घोट घोट. ठसका लागला की हात सोडा, मान खाली करू द्या. नऊ मेंढरांना मला पाऊण तास लागतो. आमचे हे म्हणतात, मी असतो तर दहा मिनिटांत उरकलं असतं. म्हणून त्यांना मी त्या दिवशी दळण आणायला पाठवते.