ईव्हीएसचा प्रोजेक्ट कॉपी न मारता कसा करायचा (चंद्रपूरवाल्यांसाठी)

सेकंड इयरला ईव्हीएस (पर्यावरण अभ्यास) सगळ्यांच्याच माथी असतं, बीकॉमवाला असो की बीएस्सीवाला, आणि प्रोजेक्टही सगळ्यांचा सेमच असतो कारण झेरॉक्सवाल्याकडे मागच्या बॅचची फाईल तयार असते, कव्हर बदला, रोल नंबर टाका, स्पायरल मारा, झालं. मी पण तेच करणार होतो. फाईल उघडली तर आत दिल्लीच्या हवेवर आठ पानं, आणि इकडे माझ्या खिडकीतल्या दोरीवर सकाळी टाकलेली पांढरी बनियन दुपारपर्यंत काळ्या ठिपक्यांची झालेली. ते ठिपके झटकले तर उडतात, पण ओल्या हाताने पुसले की रेघ ओढली जाते, काजळासारखी. रूमपार्टनरला दाखवलं तर तो म्हणे, "हे तं असतेच ना बे." खरंय, असतेच. लहानपणापासून तुळशीच्या पानावर तीच पावडर बघत आलोय, कधी प्रश्नच नाही पडला. तर ज्यांना यावर्षी कॉपी मारायचा कंटाळा आलाय त्यांच्यासाठी लिहितोय, मी काय केलं, काय चुकलं आणि तुम्ही काय करा.

पहिली गोष्ट, विषय छोटा घ्या. "चंद्रपूरचे प्रदूषण: एक अभ्यास" असलं नाव देऊ नका, ते आपल्याच्याने होत नाही. २९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र, आजूबाजूला कोळशाच्या खाणी, सिमेंट कारखाने, बल्लारपूरची पेपर मिल, सगळं एका फाईलमध्ये कोंबायला गेलं की शेवटी नेटवरूनच उचलावं लागतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक भागांना १०० पैकी मार्क दिले होते, जास्त मार्क म्हणजे जास्त घाण, त्यात चंद्रपूरला ८३.८८ मिळाले आणि देशात चौथा नंबर आला (मला बारावीत एवढे नव्हते). हे वाक्य प्रस्तावनेत टाका आणि तिथून सरळ स्वतःच्या खिडकीवर या. माझा प्रश्न एवढाच होता: रूमच्या कुठल्या बाजूने जास्त धूळ येते, आणि दिवसभरात सगळ्यात घाण हवा मी कधी आणि कुठे घेतो.

धुळीसाठी लागतं काय, तर जाड पांढरं कार्ड, व्हॅसलिन, पेन आणि दोरा. लग्नपत्रिकेची मागची बाजू मस्त चालते. त्यावर ५ सेंटीमीटरचा चौकोन आखा, आत व्हॅसलिनचा एकदम पातळ थर द्या, बोटाने नाही, जुन्या एटीएम कार्डने ओढा म्हणजे सारखा बसतो. एक कार्ड रस्त्याच्या बाजूला, एक मागच्या बाजूला, एक रूमच्या आत, आणि एक बंद कपाटात. ते कपाटातलं विसरू नका, त्याच्याशिवाय बाकीच्या तिघांना अर्थ नाही, कारण कार्डावर आधीच किती कण होते हे त्याच्यावरूनच कळतं. बरोबर २४ तासांनी काढा, मोबाईलने एकाच उजेडात फोटो घ्या, झूम करून चौकोनातले ठिपके मोजा. मी पहिल्यांदा थर जाड दिला तर सकाळी त्यात नुसत्या मुंग्या अडकलेल्या, आणि दाराबाहेर लटकवलेलं कार्ड घरमालकीण काकूंनी बघितलं तर त्यांना वाटलं पोराने काहीतरी करणी-बिरणी केली, अर्धा तास समजवावं लागलं. निदान दहा दिवस करा, आणि पावसाळ्यात करूच नका, पावसात धूळ खालीच बसते आणि कार्ड पण भिजतं. डिसेंबर-जानेवारी बेस्ट.

पण एक लक्षात ठेवा, नाहीतर व्हायवाला (तोंडी परीक्षेला) अडकाल. कार्डावर दिसते ती मोठी धूळ. ती नाकात, घशात अडकते, शिंक आली की निघते. छातीत खोल जाते ती पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक, आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो म्हणजे बघा किती बारीक. ती डोळ्याला दिसत नाही आणि व्हॅसलिनने मोजता येत नाही. म्हणून "कार्ड काळं झालं म्हणून माझी हवा विषारी आहे" असं लिहू नका, फक्त कुठल्या बाजूने जास्त येतं तेवढंच लिहा.

पीएम २.५ साठी फुकटातलं साधन म्हणजे केंद्रीय मंडळाचं समीर नावाचं ॲप. चंद्रपुरात हवा मोजायची मशीन दोन ठिकाणी आहेत, शहरात आणि खुटाळा एमआयडीसीत. रोज ठरलेल्या वेळी दोन्हीकडचा आकडा वहीत उतरवा. आता या आकड्याची गंमत, जी मला पण पहिले दोन आठवडे माहीत नव्हती. ॲपवर दिसतो तो एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक) म्हणजे हवेचं सरळ माप नाही, आठ प्रदूषकांपैकी ज्याचा निर्देशांक सगळ्यात वाईट येतो तोच आकडा दाखवतात, आणि तो मागच्या काही तासांची सरासरी असतो (पीएमसाठी २४ तासांची). त्यामुळे आत्ता खिडकीबाहेर धूर दिसतोय आणि ॲप मात्र हिरवं, असं होतं, ॲप खोटं बोलत नसतं. दुसरं म्हणजे ५१ ते १०० ला "समाधानकारक" म्हणतात. १०० वर पोचायला पीएम २.५ ची २४ तासांची सरासरी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम लागते, तीच आपल्याकडची मर्यादा आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलेली मर्यादा १५ आहे. म्हणजे समाधान चौपटीवर सुद्धा होतं आपलं. हा मुद्दा टेबल करून टाका, सरांना आवडतो.

वहीत आकड्यांच्या बाजूला एक कॉलम स्वतःच्या तब्येतीचा ठेवा. डोळे चुरचुरले का, खोकला, नाक शिंकरल्यावर रुमाल काळा झाला का, त्या दिवशी कुठे कुठे फिरलो. माझा पार्टनर पोलीस भरतीची तयारी करतो, १६०० मीटरसाठी पहाटे साडेपाचला रोडनेच पळायचा कारण ग्राउंड लांब. वही बघितल्यावर कळलं की त्याचा खोकला थंडीत आणि पळायच्या दिवशीच. थंडीत पहाटे जमिनीजवळची हवा गार असते आणि वर गरम हवेचं झाकण बसल्यासारखं होतं, धूर वर जातच नाही, आणि पळताना माणूस कितीतरी जास्त हवा आत ओढतो, त्यात बाजूने कोळशाचे ट्रक. तो आता थंडीत ऊन आल्यावर ग्राउंडवर जातो, उन्हाळ्यात मात्र पहाटेच, कारण मे महिन्यात आपल्याकडे नऊ वाजता पळायचं नावच काढू नका. स्कूटीवर बांधतो तो स्कार्फ उन्हासाठी ठीक आहे, बारीक कणांसाठी नाही, त्याला एन-९५ लागतो आणि तो पण नाकाजवळ घट्ट बसलेला.

आणि हो, सगळं प्रदूषणावर ढकलू नका. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर वही बाजूला ठेवा आणि सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी करून घ्या, फुकट असते. टीबी निघाला तर औषध पण फुकट आहे, लाजायचं काही नाही.

आता ज्याने माझी सगळ्यात जास्त जिरली ते सांगतो. मित्राच्या भावाकडून पीएम मोजायचं छोटं मशीन उसनं आणलं होतं, स्वस्तातलं, धुक्यात आणि दमट हवेत ते पाण्याच्या थेंबांनाही धूळ समजून जास्त आकडा दाखवतं म्हणून त्याचे आकडे प्रोजेक्टमध्ये घेतले नाहीत, पण फरक बघायला चांगलं. दिवसभर रोडवर, बसस्टँडवर, चौकात नेलं. सगळ्यात मोठा आकडा कुठे आला? रात्री रूमवर, दार-खिडकी लावून, कॉट खाली मच्छरांची कॉइल पेटवल्यावर. मी चिमणीकडे बोट दाखवत होतो आणि चिमणी माझ्या कॉट खाली होती. २००३ च्या एका अभ्यासात एक कॉइल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींएवढे बारीक कण निघतात असं मोजलं होतं, आणि आम्ही रोज एक लावायचो, तेही दहा बाय दहाच्या खोलीत. मच्छरदाणी घेतली, विषय संपला. मिरचीची फोडणी देताना पण आकडा असाच उडतो, खिडकी उघडा आणि असेल तर एक्झॉस्ट चालू ठेवा, बस.

मच्छरांवरून आठवलं, कूलर. विदर्भात रूम म्हटली की कूलर आलाच आणि डेंग्यूचा डास त्याच्याच टाकीत वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात म्हणून आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करायची, पण नुसतं पाणी ओतून चालत नाही, अंडी टाकीच्या कडेला चिकटून राहतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात, ब्रशने घासावी लागतात. एका रविवारचे फोटो काढा, एक पान भरतं.

पाण्याचं थोडक्यात. टीडीएस मीटर घेऊन सगळ्यांना दाखवत फिरू नका, तो फक्त विरघळलेले क्षार सांगतो, जंतू नाही, आकडा ५० आला तरी पाण्यात जंतू असू शकतात. जार थंड आहे म्हणजे शुद्ध आहे असं पण नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन आहे की नाही हे ओटी टेस्टने कळतं, द्रावणाचे थेंब टाकले की पाणी पिवळं होतं, ग्रामपंचायतीच्या पाणीवाल्या काकांना विचारा, त्यांच्याकडे ते किट असतं. जंतूंसाठी एच२एस बाटली, पाणी भरून एक-दोन दिवस ठेवायची, काळी झाली तर ते पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका.

शेवटी आरटीआय. हे केलं तर तुमचा प्रोजेक्ट बाकीच्यांपेक्षा वेगळा होणार म्हणजे होणारच. साध्या कागदावर अर्ज, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, "जन माहिती अधिकारी" असं लिहून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात द्यायचा. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो. "प्रदूषण का होते, कारवाई का नाही" असं भांडायला जाऊ नका, का-चं उत्तर देणं त्यांना बंधनकारक नाही, कागद मागा: अमुक महिन्यातल्या हवा तपासणी अहवालाच्या प्रती द्या, एवढंच. उत्तराला ३० दिवस असतात, म्हणून अर्ज प्रोजेक्ट सुरू करतानाच टाका, सबमिशनच्या आदल्या आठवड्यात टाकून उपयोग नाही.

व्हायवाला एक्स्टर्नल ग्राफ बघत नाहीत, कार्डं बघतात, हातात घेऊन उजेडाकडे धरून बघतात. म्हणून खरी कार्डं फाईलला लावा. फक्त माझ्यासारखी सरळ स्टेपल करू नका, व्हॅसलिन पाझरून माझी सात ते अकरा पानं पापडासारखी तेलकट झाली आणि निष्कर्ष वाचताच येत नव्हता. झिपवाल्या पारदर्शक पिशवीत टाका, मग लावा.