खासगी दवाखान्यात टीबीची नोंद: या चुका टाळा

क्षयरुग्णाची नोंद खासगी डॉक्टरांनाही सक्तीची झाली ती २०१२ साली. २०१८ च्या राजपत्राने औषध दुकानंही त्यात आली आणि नोंद न करणाऱ्यावर कारवाईची तरतूद झाली. तालुक्यातल्या खासगी दवाखान्यांत सरकारी क्षयरोग कार्यक्रमाच्या कामासाठी माझं सतत जाणं-येणं असतं. चुका अजूनही त्याच दिसतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे रुग्णाचा मोबाइल नंबर आणि पत्ता कसाबसा भरणं. एका दवाखान्यात ऊसतोड करणारी एक बाई खोकला घेऊन आली. एक्स-रे बघून डॉक्टरांनी टीबीची औषधं सुरू केली आणि निक्षय या टीबी नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर नोंदही केली. पण नंबर टाकला कंपाउंडरचा आणि पत्ता लिहिला ‘बस स्टँडमागे’. दिवाळी झाली, मुकादमाची गाडी आली आणि महिनाभराची औषधं पिशवीत घालून ती टोळीबरोबर सांगलीकडे निघून गेली. औषधं संपली. आमचे फोन कंपाउंडरला लागत राहिले. शेवटी गावातल्या आशाताईंनी मुकादम शोधून काढला. आम्ही तिच्या कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीवर पोचलो तेव्हा बाई वाळून गेली होती आणि बेडक्यात रक्त पडत होतं. टीबी औषधाला दाद देतो का तेही दाखवणाऱ्या सीबीनॅट या बेडक्याच्या चाचणीत रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद न देणारा टीबी निघाला. तो पहिल्यापासून तसाच होता की मधल्या खंडामुळे झाला, हे आता कुणालाच सांगता येणार नाही, कारण सुरुवातीला सीबीनॅट केलीच नव्हती. त्याच कोपीत तिची दोन मुलं झोपत होती.

म्हणून माझा हट्ट असतो: रुग्ण समोर बसलेला असतानाच त्याने दिलेला नंबर लावून बघा. फोन त्याच्या नाहीतर घरच्या माणसाच्या हातात वाजला पाहिजे. दुसरा नंबर मुकादमाचा, भावाचा, माहेरचा, कुणाचाही चालेल, पण घ्याच. ‘दिवाळीनंतर कुठे असाल?’ हे मराठवाड्यात तरी विचारल्याशिवाय फाइल बंद करू नका. बाहेरगावी जाणार असेल तर निक्षयवर त्या तालुक्याच्या केंद्राकडे ट्रान्सफर टाका आणि निक्षय आयडी फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून द्या. याला पाच मिनिटं लागतात. ओपीडीत गर्दी आहे हे मला दिसतं, तरी ही पाच मिनिटं वाचवू नयेत असं माझं ठाम मत आहे.

आणि पहिली गोळी देण्याआधी बेडका सीबीनॅट किंवा तशाच ट्रुनॅट चाचणीला पाठवा. नमुना कसा द्यायचा ते रुग्णाला स्वतः सांगा: सकाळी उठल्यावर चूळ भरायची, दोन-तीनदा खोल श्वास घ्यायचा, मग छातीतून खोकून काढायचं. डबी उजेडात धरून बघा. पातळ, फेसाळ दिसलं तर ती लाळ आहे, पुन्हा मागा.

दुसरी चूक जुन्या माहितीवर चालण्याची. व्हॉट्सॲपवर आलेल्या पीडीएफवर तारीख नसेल तर ती वापरू नका, जिल्हा क्षयरोग केंद्राला फोन करून खात्री करा. दिवसाआड औषधं देण्याची पद्धत २०१७ मध्ये बंद झाली, तरी तो तक्ता काही भिंतींवर अजून आहे. आता गोळ्या रोज आणि वजनाप्रमाणे द्यायच्या: मोठ्या माणसाला ३५ ते ४९ किलोला तीन, ५० ते ६४ ला चार. वजन अंदाजाने लिहू नका, दर महिन्याला काट्यावर उभं करा. रुग्णाच्या आहारासाठी खात्यात येणारे निक्षय पोषण योजनेचे पैसे नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला ५०० चे १००० झाले आणि ते खासगीत उपचार घेणाऱ्यालाही मिळतात. रुग्णाला जुना आकडा सांगू नका. खातं चालू आहे का, तेही विचारा, बंद पडलेलं जनधन खातं नेहमी सापडतं.

दोन आठवड्यांच्या खोकल्याला लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक लिहू नका. चार दिवस बरं वाटतं, टीबी झाकला जातो आणि निदान लांबतं. नव्याने दवाखाना टाकलेल्यांना झटपट गुण दाखवायची घाई असते, तिची किंमत रुग्णाचं घर मोजतं.

रक्तातल्या अँटिबॉडी बघून टीबी ठरवणाऱ्या चाचण्यांवर २०१२ पासून बंदी आहे.

प्रत्येक टीबी रुग्णाची साखर आणि एचआयव्ही तपासा.

घरातल्या सगळ्यांना तपासणीसाठी बोलवा. प्रतिबंधक उपचार पूर्वी घरातल्या लहान मुलांपुरते होते. २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनंतर टीबी नसल्याची खात्री करून घरातल्या मोठ्यांनाही ते द्यायचे आहेत.

उपचार संपल्यावर निकाल भरायचा राहतो, ही तक्रार जवळपास प्रत्येक दवाखान्याबद्दल आहे. डॉक्टरांना नोंदीचे ५०० रुपये मिळतात तसे निकाल भरल्याचेही ५०० मिळतात. पण पैशांपेक्षा महत्त्वाचं हे, की निकालाचा रकाना रिकामा राहिला तर तो माणूस बरा झाला की मध्येच औषधं सोडून गेला, हे आम्हाला कळत नाही आणि त्याला शोधायला कुणी निघत नाही. मी डॉक्टरांना सांगतो, औषधं सुरू करतानाच सहा महिन्यांनंतरची तारीख रिसेप्शनच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.