टाइप वन मधुमेह असलेल्या मुलासाठी मदतीची फळी कशी उभारावी

टाइप वन मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते, त्यामुळे इन्सुलिन आयुष्यभर बाहेरूनच घ्यावे लागते. इंजेक्शन किती वाजता दिले, पोळ्या किती खाल्ल्या, रात्री दोनला शुगर किती होती, हा सगळा हिशेब बहुतेक घरांत एकटी आई सांभाळते. हे तिला फार काळ झेपत नाही, आणि ती आजारी पडली की मुलाचे सगळेच अडते. म्हणून निदानानंतर लवकरात लवकर कामे वाटून घ्यावीत, आणि वाटताना ‘जरा लक्ष ठेवा’ असे मोघम न सांगता प्रत्येकाला एकेक नेमके काम लिहून द्यावे.

मधुमेहतज्ज्ञ मोठ्या शहरात असतील, तर दर तीन महिन्यांनी होणारी एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी) तपासणी आणि डोस ठरवणे त्यांच्याकडे ठेवून मधल्या दुखण्यांसाठी गावातलेच बालरोगतज्ज्ञ गाठावेत आणि दोघांचे कागद एकाच फाइलमध्ये ठेवावेत. पहिल्याच भेटीत दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: रात्री-अपरात्री फोन कोणाला करायचा, आणि उलट्या होत असताना इन्सुलिन किती द्यायचे. मूल जेवत नाही म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद केल्यास कीटोन (चरबी जळून रक्तात साठणारी आम्ले) वाढून जिवावर बेतू शकते. आहारतज्ज्ञ असे शोधावेत, जे छापील तक्ता हातात न देता तुमच्या घरातली भाकरी, वरणभात आणि उपवासाची साबुदाण्याची खिचडी समोर धरून कशाला किती इन्सुलिन लागेल याचा हिशेब शिकवतील.

घरात रात्रीची तपासणी आणि शुगर तपासायच्या पट्ट्या, सुया, इन्सुलिन यांचा साठा ही कामे वडिलांनी घ्यावीत. उन्हाळ्यात वीज जाते तिथे इन्सुलिन गार ठेवायला फ्रिजबरोबर मातीच्या माठाचीही सोय असावी. इन्सुलिन बर्फाच्या कप्प्यात मात्र कधीही ठेवू नये. आजी-आजोबांना इंजेक्शन द्यायला डॉक्टरांसमोरच शिकवावे. कारल्याचा रस सुरू करून इंजेक्शने थांबवा, असे कोणी ना कोणी नातेवाईक सांगतोच, आणि ते प्रेमापोटीच सांगितलेले असते. पण इन्सुलिनला पर्याय नाही, हे त्यांना डॉक्टरांच्या तोंडूनच ऐकवलेले बरे.

सर्वांत जास्त तयारी शाळेची लागते, कारण मूल तिथे घरच्यांविना सहा-सात तास असते. जूनमध्ये शाळा उघडताच मुख्याध्यापक, वर्गशिक्षिका आणि खेळाचे शिक्षक यांना एकत्र भेटून एक पानी सूचना द्यावी. शुगर उतरल्याची लक्षणे (घाम, थरथर, चिडचिड, अचानक बिघडलेले अक्षर) तिच्यात ठळक लिहावीत. शुगर ७० च्या खाली असेल, तर साधारण १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन चहाचे चमचे, पाण्यात घालून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. लहान मुलाला त्याहून कमी लागते, ते प्रमाण डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. अशा वेळी मुलाला कार्यालयात किंवा स्वच्छतागृहात एकटे पाठवू नये. मूल बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही न घालता कुशीवर वळवून १०८ ला फोन करावा. ग्लुकोमीटर (शुगर मोजायचे यंत्र), साखर आणि बिस्किटांचा एक डबा दप्तरात आणि दुसरा वर्गशिक्षिकेच्या कपाटात असावा. शेजारच्या बाकावरच्या मित्रालाही लक्षणे सांगून ठेवावीत, पण मुलाची संमती घेऊनच.

काही शाळा वर्गात तपासणी करू द्यायला कचरतात. अशा वेळी राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये राज्यांना पाठवलेल्या पत्राची प्रत सोबत न्यावी. टाइप वन असलेल्या मुलांना वर्गात आणि परीक्षेतही शुगर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावे आणि खाऊ द्यावे, असे त्यात म्हटले आहे. सीबीएसईने तर २०१७ पासूनच बोर्डाच्या परीक्षेत अशा विद्यार्थ्यांना साखरेच्या गोळ्या, फळ आणि पाणी नेण्याची मुभा दिली आहे.

हाच आजार असलेल्या एखाद्या मोठ्या मुलाची किंवा मुलीची ओळख करून द्यावी. डॉक्टरांनाच विचारले तर ते दुसऱ्या कुटुंबाची परवानगी घेऊन भेट घालून देतात. सहलीला जाताना सुई कुठे टोचायची, मित्रांना काय सांगायचे, हे त्यांच्याकडून जितके नीट कळते तितके आपल्याकडून कळत नाही. मूल मोठे होईल तशी तपासणी आणि इंजेक्शन त्याच्या हाती द्यावे; डोसवर मात्र किशोरवयातही एखाद्या मोठ्याची नजर असावी. वर्गशिक्षिका बदलल्या की शाळेतली बैठक पुन्हा घ्यावी, आणि सूचनापत्रकावरचे डोस व फोन नंबर त्याच दिवशी दुरुस्त करावेत.