शेंगदाणा श्वासनळीत गेला तर… या चुका टाळा

मुलुंडला नणंदेकडे बोरनहाण होतं, चुरमुरे बोरं शेंगदाणे सगळं डोक्यावरून ओतलं आणि पोरं खाली बसून वेचून खायला लागली, तेवढ्यात दोन वर्षांच्या भाच्याला जोरात ठसका लागला. थोडा वेळ खोकला, मग खेळायला पण लागला. आम्हाला वाटलं गेलं पोटात.

हीच सगळ्यात मोठी चूक. दाणा आत अडकला की खोकला काही वेळाने थांबतो, पण दाणा तिथेच असतो, ओल धरून फुगतो, आजूबाजूला सूज येते. दहा दिवस कफ सिरप चाललं, कारण ठसक्याचं डॉक्टरांना आम्ही सांगितलंच नव्हतं. एक्सरे नॉर्मल आला, पण शेंगदाणा एक्सरेत दिसतच नाही ना! शेवटी एकाच बाजूला शिट्टीसारखा आवाज ऐकून दुसऱ्या डॉक्टरांनी भूल देऊन ब्रॉन्कोस्कोपी केली, म्हणजे श्वासनळीत दुर्बीण घालून तपासलं, दाण्याचा तुकडा उजव्या बाजूला निघाला. उजवी नळी जरा रुंद आणि सरळ असते म्हणून बऱ्याचदा तिकडेच जातं.

आता ठसका लागल्यावर आपण काय करतो, पाणी पाजतो, केळं भरवतो, घशात बोट घालतो. प्लीज नका करू, बोटाने वस्तू अजून आत जाते. मूल जोरात खोकत असेल, रडत असेल तर खोकू द्या. आवाजच फुटत नसेल, ओठ निळे पडत असतील तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधे तळहाताने 5 जोरदार थापा, नाही निघालं तर बेंबीच्या वर मूठ ठेवून आत-वर 5 झटके, परत थापा, असं आलटून पालटून. एक वर्षाच्या आतल्या बाळाचं पोट अजिबात दाबायचं नाही, त्याला हातावर पालथं, डोकं खाली ठेवून 5 थापा आणि मग उताणं करून छातीच्या मधोमध 5 वेळा दाबायचं. कोणीतरी तोवर 108 लावा. बेशुद्ध झालं तर लगेच सीपीआर, म्हणजे छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं.

ठसका थांबला तरी हॉस्पिटल गाठा, परळच्या वाडियासारखं लहान मुलांचं असेल तर उत्तम, आणि वाटेत काही खायला देऊ नका, भूल द्यायची तर पोट रिकामं लागतं. आणि तिथे पहिलं वाक्य हेच बोला, "खाताना ठसका लागला होता."

यंदा बोरनहाणात आम्ही दाणे, बोरं काहीच घेतलं नाही, फक्त चुरमुरे, आणि पोरांना वेचू दिलं नाही.