घुमटाच्या थापेसाठी चार अर्धे

गेल्या चवथीला (गणेशचतुर्थीला) आमच्या फोंड्याच्या वाड्यावरची घुमट आरती रेकॉर्ड केली. घुमट म्हणजे आमच्या गोव्याचं मातीच्या मडक्याचं चर्मवाद्य. रात्री दहानंतर घरात स्पीकर लावायची सोय नाही, म्हणून हेडफोनवर ऐकायला बसलो, तर घुमटाचं 'धुम्' चक्क 'फट्' झालेलं. झांज मात्र स्वच्छ!

दोष रेकॉर्डिंगचा नव्हता, माझ्या हेडफोन अ‍ॅम्पचा होता. ३२ ओहमच्या हेडफोनला १ व्होल्ट आरएमएस (म्हणजे लाटेच्या शिखरावर १.४ व्होल्ट) द्यायचे तर शिखरावर ४४ मिलिअ‍ॅम्पिअर लागतात. त्यातल्या ५५३२ या ऑप-अ‍ॅम्प आयसीत दोन वेगळे अ‍ॅम्प असतात. त्यातला एक, म्हणजे एक अर्धा, आउटपुट शॉर्ट केलं तरी साधारण ३८ च देतो. थाप जोरात पडली की बिचारा तिथेच थांबतो. उपाय म्हणजे चार अर्धे मिळून तेच काम करायचं, म्हणजे एका चॅनलला (एका कानाला) दोन आयसी. प्रत्येकाच्या वाट्याला मग ११ मिलिअ‍ॅम्पिअरच येतात.

जोडणी सोपी आहे. पिन ३ आणि ५ हे इनपुट. दोन्ही आयसींचे मिळून चार, ते चारही एकत्र करून व्हॉल्यूम पॉटच्या (फिरवायच्या रेझिस्टरच्या) मधल्या पायाला. फीडबॅक (आउटपुटकडून परत इनपुटला येणारी जोडणी) मात्र प्रत्येकाचा स्वतंत्र: २ ला १ जोडा, ६ ला ७. १ आणि ७ हे आउटपुट.

आता इथेच मी माती खाल्ली. चारही आउटपुट थेट तारेने बांधले आणि दोन मिनिटांत आयसीवर बोट ठेववेना. कुठलेही दोन अर्धे तंतोतंत सारखे नसतात. एकाच्या आउटपुटवर एखादा मिलिव्होल्ट जास्त असतो. मध्ये रेझिस्टर नसला की ते एकमेकांशीच भांडतात आणि हेडफोन लावलेलेच नसले तरी करंट आतल्या आत फिरत राहतो. म्हणून प्रत्येक आउटपुटला १० ओहमचा रेझिस्टर लावा आणि त्यांची पलीकडची टोकं एकत्र करून हेडफोनला न्या. फीडबॅक रेझिस्टरच्या अलीकडून, थेट पिनवरूनच घ्यायचा. चार दहा समांतर म्हणजे अडीच ओहम. ३२ च्या हेडफोनला त्याने काही बिघडत नाही.

समांतर जोडल्याने आवाजातली खरखरही घटते, चारांनी ६ डेसिबल, असं सांगितलं जातं. ते खरं आहे, पण इथे तो फरक कानाला कळणार नाही. आपल्याला करंट हवाय.

व्हॉल्यूम पॉट १० किलोओहमचाच घ्या, आणि त्याच्या आधी १ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर. चारही इनपुट मिळून ०.८ मायक्रोअ‍ॅम्पिअरच्या आसपास ओढतात. फुल व्हॉल्यूमला १० किलोवर त्याचे ८ मिलिव्होल्ट डीसी होतात, आणि ते तसेच हेडफोनपर्यंत जातात. घरात पडलेला १०० किलोचा लावलात तर आठाचे ऐंशी. आणि ५५३२ संपले म्हणून ५५३४ घेऊ नका, तो अशा एकपट (व्होल्टेज न वाढवणाऱ्या) जोडणीत स्थिर राहत नाही.

सप्लाय ७८१२ आणि ७९१२ या रेग्युलेटर आयसींनी अधिक-उणे १२ व्होल्ट, अधिक पिन ८ ला, उणे पिन ४ ला. ट्रान्सफॉर्मर मी मुद्दाम १५-०-१५ घेतला, कारण आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं आणि १२-०-१२ वर रेग्युलेटर धापा टाकतो. प्रायमरीला फ्यूज, सगळं बंद डब्यात. पिन ४ आणि ८ दरम्यान, अगदी आयसीला चिकटून, ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. आयसीसाठी सॉकेट वापरू नका असं माझं मत. पावसाळ्यात इथल्या दमट हवेने स्वस्त सॉकेटचे पाय काळे पडतात. थेट सोल्डर करा आणि फ्लक्स पुसून काढा.

हेडफोन लावण्याआधी इनपुट ग्राउंड करून प्रत्येक १० ओहमवर मल्टीमीटर धरा. १ मिलिव्होल्ट म्हणजे ०.१ मिलिअ‍ॅम्पिअर, तीन-चारपर्यंत चालेल. एखाद्यावर पन्नास दिसले तर तार चुकलीय किंवा आयसी नकली आहे. माझ्या पहिल्या खेपेत एक तसाच निघाला.

तोवर चांगले हेडफोन कपाटातच. मी पहिली चाचणी बाजारातल्या शंभर रुपयांच्या इयरफोनवर घेतली. त्यातही घुमट 'धुम्' वाजलं.